दाराआडची बंदूक

आमच्या घरी एक बंदूक होती, हे आम्ही पुण्यातील स्नेह्यांना फारसे कधी सांगितले नाही. मराठीचे अध्यापन करणाऱ्या दोन माणसांच्या कोथरूडमधील सदनिकेत, शब्दकोशांच्या शेजारच्या लोखंडी कपाटात, बारा बोअरची दुनळी बंदूक असावी हे ऐकणाऱ्याला विनोदी तरी वाटते किंवा संशयास्पद तरी. बंदूक आमची नव्हती. आमच्यातील एकीच्या वडिलांची, म्हणजे बाबांची होती. जुन्नर तालुक्यात त्यांची शेती होती आणि वस्ती गावापासून दूर, उसाच्या फडांच्या मध्ये. रानडुकरे पिकात शिरत, पुढे बिबटे उसात व्यायला लागले, आणि पोलीस ठाण्याचे अंतर मैलांत मोजावे असे होते. त्या काळात त्यांनी परवाना काढला. परवान्याची ती पुस्तिका, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेली, ते सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवीत. दोन्ही कागद त्यांच्या लेखी एकाच जातीचे होते.

आई गेल्यावर २०१६मध्ये बाबा आमच्याकडे राहायला आले. बंद घरात बंदूक ठेवता येत नाही, म्हणून तीही आली. परवान्याची नोंद शहराच्या पोलीस आयुक्तालयात करून घेण्यासाठी जे हेलपाटे झाले ते बाबांनी विनातक्रार घातले. जावयाच्या घरी राहायचे म्हणून आधीच संकोचलेले बाबा या एका बाबतीत मात्र संकोचले नाहीत. बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या, ही त्यांची शिस्त होती. दर पंधरा दिवसांनी ते गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून नळ्या तेलाच्या फडक्याने पुसत. समोरच्या इमारतीतील लोकांना दिसू नये म्हणून आम्ही तेवढा वेळ पडदा ओढून ठेवत असू. आमच्यातील जो सदाशिव पेठेतील वाड्यात वाढला त्याला ही वस्तू घरात असल्याची सवय अखेरपर्यंत झाली नाही. जी जुन्नरच्या वस्तीवर वाढली तिला ती सांडशीसारखी घरातलीच एक वस्तू वाटे.

२०१९च्या ऑगस्टमधील एका रात्रीची गोष्ट आहे. त्या आठवड्यात पावसाने शहराला झोडपले होते आणि इमारतीतील वीज गेली होती. पहाटे पावणेतीनच्या सुमारास दाराच्या लॅचमध्ये कोणीतरी किल्ली घालत असल्याचा आवाज आला. किल्ली फिरेना. ती काढून पुन्हा घातली गेली. मग दाराला खांदा लावल्याचा आवाज. भिंगातून पाहावे तर जिन्यात काळाकुट्ट अंधार. ‘कोण आहे?’ असे आम्ही दोनदा विचारले, उत्तर आले नाही. दार मात्र पुन्हा ढकलले गेले, आधीपेक्षा जोरात. आमच्यातील एकीने शंभर क्रमांकावर फोन लावला. दुसऱ्याने हाताला आले म्हणून कोपऱ्यातला खलबत्त्यातला बत्ता उचलला. आज हे लिहिताना हसू येते, त्या वेळी आले नव्हते. मागे वळून पाहिले तर बाबा बोळात उभे होते. वय एक्क्याऐंशी, अंगात बंडी, हातात बंदूक. दोन्ही नळ्यांत काडतुसे होती, हे आम्हांला नंतर कळले. ते हलक्या आवाजात म्हणाले, “कडी काढू नका. तुम्ही बाजूला व्हा.”

आम्ही बाजूला झालो. याची नोंद आम्ही मुद्दाम करीत आहोत. अहिंसेवर व्याख्याने देऊन झालेली आम्ही दोन माणसे त्या क्षणी एक शब्दही न बोलता बाजूला झालो आणि दाराच्या व बंदुकीच्या मधली जागा मोकळी करून दिली.

मग बाहेरून आवाज आला, थकलेला आणि काहीसा रुसलेला. “अगं, उघड ना. किती वेळ झाला.”

आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. सगळी इमारत त्यांना ‘सर’ म्हणे. गेल्या वर्षभरात त्यांची स्मृती सैल होत चालली आहे, हे आम्हांला ऐकून माहीत होते. ज्यांना ते दार उघडायला सांगत होते त्या बाई सहा वर्षांपूर्वी वारल्या होत्या. सर घरातून कधी बाहेर पडले हे मुलाला आणि सुनेला कळलेच नव्हते. परतताना एक मजला कमी चढले, एवढीच त्यांची चूक. आम्ही दार उघडले. सर नखशिखांत भिजले होते. आमच्याकडे त्यांनी ओळख नसल्यासारखे पाहिले आणि सरळ आत येऊन खुर्चीवर बसले. पोलिसांची गाडी वीस मिनिटांत आली. तोवर वरून त्यांचा मुलगा टॉवेल घेऊन खाली आला होता. बाबा तेव्हा त्यांच्या खोलीत होते. त्यांनी नळ्या उघडून काडतुसे काढली, ती उशीखाली ठेवली आणि सकाळपर्यंत पलंगाच्या कडेवर तसेच बसून राहिले.

त्या रात्रीने आम्हांला कायद्याच्या पुस्तकाकडे नेले. त्यापूर्वी भारतीय दंड संहिता आम्ही वाचली नव्हती. साहित्याच्या माणसांनी ती वाचावी असे आम्हांला आता वाटते, आणि ते तिच्यातील उदाहरणांसाठी. कलमाचा अर्थ स्पष्ट करण्याकरिता मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जागोजागी दोन-चार ओळींची उदाहरणे घातली आहेत. त्यांत ‘ए’ नावाचा एक माणूस असतो, ‘झेड’ नावाचा दुसरा. ते एकमेकांना भेटतात, फसवतात, मारतात. त्यांना चेहरा नाही, वय नाही, जात नाही. तरीही त्या लघुतम कथा आहेत आणि काही तर अंगावर येणाऱ्या आहेत. स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमे शहाण्णवपासून एकशे सहापर्यंत होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती चौतीस ते चव्वेचाळीस झाली. आशय जवळपास तोच राहिला आहे.

त्यांतील अठ्ठ्याण्णवावे कलम वाचताना आम्ही थांबलो. हल्ला करणारा माणूस भ्रमिष्ट असला, किंवा गैरसमजापायी हल्ला करीत असला, आणि म्हणून त्याचे कृत्य त्याच्यापुरते गुन्हा ठरत नसले, तरी त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क आपल्याला पूर्ण असतो, असे ते कलम सांगते. त्याखालच्या उदाहरणांपैकी एकात ‘ए’ रात्री एका घरात शिरतो. त्या घरात शिरण्याचा त्याला कायदेशीर अधिकार आहे. ‘झेड’ला तो घरफोड्या वाटतो आणि तो प्रामाणिकपणे तसे समजून त्याच्यावर हल्ला करतो. ‘झेड’चा गुन्हा नाही. पण ‘ए’लाही ‘झेड’पासून बचाव करण्याचा तितकाच हक्क आहे. म्हणजे एका अंधाऱ्या घरात दोन निर्दोष माणसे एकमेकांना मारू शकतात आणि दोघांच्याही बाजूने कायदा उभा राहतो. कायद्याला यात अडचण वाटत नाही. आम्हांला मात्र ते उदाहरण वाचून आमचा बोळ दिसला. सरांच्या हातात तेवढी स्वतःच्या घराची किल्ली होती.

त्या रात्री घोडा ओढला गेला असता तर बाबांचे काय झाले असते? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीपासून मालमत्तेचा बचाव करताना प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो, असे एकशे तिसऱ्या कलमात लिहिले होते आणि आज एक्केचाळिसाव्यात आहे. त्याला नव्व्याण्णवाव्या कलमाचे कुंपण आहे. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. आम्ही फोन लावला होता. वेळ होता की नव्हता? दार टिकले असते की नसते? २०१०च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. संकटात सापडलेल्या माणसाने आपल्या प्रतिकाराचे माप सोनाराच्या काट्यावर तोलावे अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्याचा रोख आहे. तेव्हा बाबा कदाचित सुटलेही असते. पण सुटून ते रोज त्याच जिन्यातून खाली उतरले असते, आणि वरच्या मजल्यावरचा मुलगाही.

आणखी एक गोष्ट त्या उदाहरणांत जाणवते. मेकॉलेच्या ‘ए’जवळ बंदूक आहे, आणि ती असण्यात कोणाला नवल वाटत नाही. एका उदाहरणात जमाव ‘ए’च्या जिवावर उठलेला आहे, जमावात लहान मुले मिसळली आहेत, आणि गोळी झाडल्याखेरीज ‘ए’ला सुटका नाही. दुसऱ्यात ‘झेड’ ‘ए’ला चाबकाने मारू पाहतो तेव्हा ‘ए’ पिस्तूल काढतो. संहितेचा मसुदा १८३७चा, कायदा १८६०चा. मसुद्यासोबतच्या टिपणात मेकॉलेने आपली भूमिका मांडली आहे. या देशातील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्यावर बंधने वाढवण्यापेक्षा त्यांच्यात प्रतिकाराचे धैर्य जागवावे, म्हणून हा हक्क इतका ऐसपैस ठेवला, असा त्याचा आशय आहे. उपकारकर्त्याचा हा सूर आज ऐकवत नाही. पण पुढचा भाग अधिक मौजेचा आहे. संहिता अमलात आल्यावर सोळा वर्षांनी, १८७८मध्ये, लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. आता परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. हक्क पुस्तकात राहिला आणि ‘ए’च्या खिशातले पिस्तूल गेले.

पुण्याला हा कायदा लगेच जाणवला असणार. १८७९मध्ये लष्करी हिशेब खात्यातील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी रामोश्यांना घेऊन बंड केले, आणि पुढे अठरा वर्षांनी प्लेगच्या साथीत गोरे सोजीर घरोघर शिरले. स्वयंपाकघर आणि देवघर यांचे उंबरे ओलांडून त्यांनी झडत्या घेतल्या. त्याचा घाव शहराच्या मनात किती खोल गेला हे त्या काळच्या मजकुरांतून आजही कळते. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थ्यांचा कल क्रांतीच्या कथेकडे असतो. आमच्या मनात अलीकडे एक वेगळा प्रश्न येतो. आपल्या घरात शिरणारा जर खुद्द सरकारच असेल, तर ‘सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर’ या अटीचे काय करायचे? संहितेने त्याचेही उत्तर देऊन ठेवले आहे. लोकसेवक आपल्या अधिकाराच्या बुरख्याखाली सद्भावनेने काही करीत असेल तर, जीव जाण्याची वा जबर दुखापतीची भीती नसेल तोवर, त्याच्याविरुद्ध हा हक्क नाही.

म्हणूनच स्वातंत्र्यपूर्व काळात शस्त्रकायद्याला विरोध करणे हे देशभक्तीचे लक्षण होते, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात गांधीजींनी संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. १९३१च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. मग स्वातंत्र्य आले, फाळणीचे रक्त पाहून झाले, आणि १९४८च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा ती टिकली नाही. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारी टोळ्यांनाही तो द्यावा लागेल, अशा धर्तीचा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला. आज संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख सापडतो तो नकाराच्या रूपात. एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

आमच्यातील पेठेत वाढलेल्याला हा इतिहास पुरेसा वाटतो. १९५९चा शस्त्र अधिनियम त्याने वाचला तो मनात निकाल ठरवूनच. तो कायदा तितकासा निष्ठुर नाही, हे त्यालाही कबूल करावे लागले. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याला, अपात्रतेचे कारण नसेल तर, परवाना द्यावा, असाच त्याच्या तेराव्या कलमाचा कल आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचीही सोय तिथेच आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे चौदाव्या कलमात लिहिले आहे, आणि हे वाक्य वाचून आम्हांला खरोखरच बरे वाटले. प्रत्यक्षात गोष्ट वेगळी असते. निर्भयाच्या घटनेनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. परवान्याच्या रांगेपर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेक जणी तिथे गळल्या असणार. इकडे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून काडतुसे बनवतो आहे. मुंबईहून येताना रेल्वेच्या खिडकीतून तो परिसर आयुष्यभर पाहिलेल्या पुणेकराने काडतूस हातात घेतलेले नसते.

आणि तरीही पुणेकराला भीती ठाऊक आहे. आमच्या पिढीचा जन्म व्हायच्या आधीची ती भीती आहे, पण आम्हांला ती वारशाने मिळाली. १९७६च्या जानेवारीपासून १९७७च्या मार्चपर्यंत टिळक रस्त्यावरील कलामहाविद्यालयातील चार तरुणांनी या शहरात दहा माणसे मारली. बहुतेकांना त्यांच्याच घरी, नायलॉनच्या दोरीने. त्यांतील एक होते काशीनाथशास्त्री अभ्यंकर. संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे, महाभाष्याच्या मराठी भाषांतराला प्रस्तावनाखंड लिहिणारे. भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात १ डिसेंबर १९७६च्या रात्री त्यांच्यासह घरातील पाच जण संपवले गेले. आमच्या वाड्यातील वडीलधारी माणसे सांगत की त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर पेठांतील रस्ते ओस पडत आणि दिंडीदरवाजाला अडसर लागला की ओळखीच्या हाकेलाही ओ दिली जात नसे. ‘जक्कल’ हे आडनाव आमच्या लहानपणी बागुलबुवाच्या जागी वापरले जाई. त्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

या प्रकरणाचे तपशील पुन्हा वाचताना दोन गोष्टींनी आम्हांला अस्वस्थ केले. अभ्यंकरांच्या घरात ते दार फोडून शिरले नाहीत. त्यांनी घंटा वाजवली आणि दार आतून उघडले गेले. कपाटात बंदूक असती तरी ती कपाटातच राहिली असती. २०१५च्या ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गींच्या दारात जे घडले तेही असेच, सकाळच्या वेळी, दार ठोठावून. दाभोलकरांना तर २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरताना गाठले गेले. ही एक बाजू. दुसरी अशी की अभ्यंकरांच्या आधी जेमतेम आठवडाभर, शंकरशेठ रस्त्यावरील एका बंगल्यात हीच टोळी शिरली होती आणि तिथून तिला पळावे लागले. त्या घरातील बाई आणि दोन नोकर यांनी झटापट केली, आरडाओरडा केला. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. प्रतिकार मात्र होता, आणि त्यामुळे ती माणसे वाचली. मेकॉलेला जे धैर्य हवे होते ते तिथे होते. त्यावरून काय सिद्ध होते यावर आमचे आजवर एकमत झालेले नाही.

अलीकडे शहरातील भीतीचे नाव बदलले आहे. आता ते कोयता आहे. उसाच्या फडातले हे हत्यार गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वस्त्यांत मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हाती दिसू लागले. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्र नियमांच्या कक्षेत येते, पण घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाचे असेल तर येत नाही. बाबांच्या गावी प्रत्येक घरात दोन-तीन कोयते असत. बंदुकीच्या परवान्यासाठी जन्मभर शिक्के गोळा करणाऱ्या बाबांना, कोयत्याला काही लागत नाही, याची गंमत वाटे. २०२३च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत, आमच्या जुन्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका तरुणीच्या मागे एक जण कोयता घेऊन धावला. तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी गावाकडून आलेल्या पोरांनी, रिकाम्या हातांनी. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहताना बाबा हवे होते असे फार वाटले.

आमच्यातील एकीचा भाऊ अमेरिकेत, टेक्सास राज्यात आहे. त्याच्या शयनगृहातील खणात पिस्तूल असते. फोनवर हा विषय निघाला की तो म्हणतो, “ताई, इथं पोलीस येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.” जुन्नरच्या वस्तीवर वाढलेल्या मुलाने असे म्हणावे यात आश्चर्य नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या हेलर खटल्यात, घरात स्वसंरक्षणासाठी हातबंदूक ठेवणे हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क मानला. ज्या घटनादुरुस्तीचा तो अर्थ लावला गेला ती १७९१ची. योगायोगाने पुण्यात घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचले तेही त्याच वर्षी. पण त्या देशाचे नाव निघाले की आम्हांला आठवतो तो १९९२च्या ऑक्टोबरात लुइझियानातील बॅटन रूज येथे मारला गेलेला जपानी विद्यार्थी योशिहिरो हात्तोरी. सोळा वर्षांचा मुलगा, सोंगांच्या मेजवानीला निघालेला, पत्ता चुकून दुसऱ्याच घरी गेला. घरमालकाने थांबायला सांगितले, ते त्याला कळले नाही. फौजदारी खटल्यात पंचांनी घरमालकाला निर्दोष सोडले. हात्तोरीचे घर चुकले होते, आमच्या सरांचा मजला. बंदूक दोन्हीकडे होती. फरक कशाने पडला? सर बोलले म्हणून? आमच्या दाराला भक्कम कडी होती म्हणून? की बाबांनी आयुष्यभर उसात रात्रीचे आवाज ऐकलेले होते आणि जे दिसत नाही त्यावर बार काढायचा नाही हे त्यांच्या हाडात मुरलेले होते म्हणून? शेवटची शक्यता आम्हांला खरी वाटते, पण ती कायद्याच्या कोणत्याही नमुन्यात भरता येणार नाही.

बाबा त्या रात्रीबद्दल कधी बोलले नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत असा निरोप आला. एरवी निवडणुका संपल्या की तिसऱ्या दिवशी पावती घेऊन ठाण्यात हजर होणाऱ्या बाबांनी या वेळी घाई केली नाही. डिसेंबर उजाडल्यावर ते रिक्षाने गेले, बंदूक ताब्यात घेतली आणि परस्पर एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवून आले. काडतुसेही तिथेच दिली. घरी येऊन म्हणाले, “कपाटात जागा झाली. तुमची पुस्तकं ठेवा.” आम्ही पुस्तके ठेवली नाहीत. तो खण रिकामाच राहिला.

२०२३च्या जानेवारीत बाबा गेले. परवाना त्यांच्याबरोबर संपला. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो, नाहीतर शस्त्र विकायचे किंवा सरकारजमा करायचे. २०१६च्या नियमांनुसार अर्जाला वैद्यकीय दाखला लागतो, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, शिवाय पोलिसांचा चौकशी अहवाल. अर्जाचा नमुना आम्ही छापून आणला आणि तो जेवणाच्या टेबलावर महिनाभर पडून राहिला. त्यावर ‘शस्त्राची आवश्यकता’ अशा अर्थाची एक जागा आहे. तिथे काय लिहायचे यावरून आमच्यात जे बोलणे झाले ते सौम्य नव्हते.

पेठेत वाढलेल्याचे म्हणणे असे की आपल्याला धोका नाही, आणि असला तरी त्या रात्री आपण बाजूला झालो तसे पुन्हा होऊ. बंदूक घरात असली की बाजूला होणे सोपे होते. जुन्नरच्या मुलीचे म्हणणे वेगळे होते. तुमच्या वाड्यात हाक मारली तर अकरा बिऱ्हाडे जागी होत, आणि म्हणून तुम्हांला शस्त्राची किळस परवडते, असे ती म्हणाली. तिच्या लहानपणी एका रात्री वस्तीवर चार माणसे आली होती. बाबांनी आभाळात एक बार काढला आणि ती निघून गेली. तिची आई त्या वेळी घरात एकटी असती तर? नव्व्याण्णवावे कलम ज्या ‘सरकारी यंत्रणे’विषयी बोलते ती तिथे सकाळी नऊला पोहोचली असती. तेव्हा बंदूक ही राज्याच्या मक्तेदारीला आव्हान वगैरे काही नव्हती, राज्य जिथे पोहोचले नाही तिथे ठेवलेली एक वस्तू होती, असे तिचे म्हणणे आहे. याला उत्तर देता आले नाही. एवढेच म्हणता आले की आता आपण कोथरूडमध्ये राहतो. त्यावर ती म्हणाली, “अभ्यंकरही भांडारकर रस्त्यावर राहत होते.”

अखेर आम्ही अर्ज भरला नाही. शस्त्रविक्रेत्याने बंदूक विकत घेतली. रक्कम आमच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. जुन्या दुनळीला आता गिऱ्हाईक नाही, असे तो म्हणाला, आणि आम्हीही घासाघीस केली नाही. व्यवहाराच्या कागदांवर सह्या करताना त्याने बंदूक एकदा बाहेर काढून दाखवली. कुंद्यावर बाबांच्या गालाचा घासून गुळगुळीत झालेला भाग होता. तिथे हात ठेवून जुन्नरची मुलगी काही वेळ उभी राहिली. मग पावती घेऊन आम्ही लक्ष्मी रस्त्याने चालत घरी आलो.

सर अजून आहेत. त्यांच्या मुलाने दाराला आतून वरच्या बाजूला एक कडी बसवली आहे. तरी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी ते निसटतात आणि आमच्या लॅचमध्ये किल्ली फिरते. आम्ही उठतो. एक जण दिवा लावतो, दुसरी दाराशी जाऊन विचारते, “सर का?” उत्तर कधी येते, कधी येत नाही. उत्तर येत नाही तेव्हा आम्ही दार उघडण्यापूर्वी थोडे थांबतो.